कॅप किडत नाही, तिच्या कडेचा दात किडतो

झिरकोनियाची असो की धातूवर सिरॅमिक चढवलेली, कॅपला कीड लागत नाही. ती लागते आतल्या दाताला, बहुधा हिरडीलगत, जिथे कॅप संपते आणि दात सुरू होतो त्या कडेवर. रूट कॅनाल झालेल्या दाताला नस नसते. तो पोखरला तरी ठणकत नाही, त्यामुळे उशिरा कळतं.

कॅप बसवल्यावर बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका; गाल चावला गेला तरी समजत नाही. सिमेंट काही मिनिटांत धरतं, पण पुरतं पक्कं व्हायला साधारण 24 तास लागतात. तोवर चिक्की, च्युइंग गम बंद. बधिरपणा गेल्यावर दात मिटताना कॅप आधी टेकत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणत बसू नका. सगळा भार त्या एका दातावर येऊन तो दुखरा होतो. डॉक्टर कॅप जराशी घासून उंची जुळवून देतात.

रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रश हिरडीकडे 45 अंशात तिरका धरून कॅपच्या कडेवर हलक्या हाताने फिरवा. पेस्ट फ्लोराइडचीच हवी. मिश्री आणि कोळशाची पूड बंदच करा. त्यांच्या घासण्याने हिरडी मागे सरते, उघडं पडलेलं मूळ लवकर किडतं.

ब्रिजचं, म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप चढवून त्यांच्या आधाराने बसवलेल्या खोट्या दाताचं, काम जास्त जिकिरीचं. दात एकमेकांना जोडलेले असल्याने साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) दोन दातांमधून खाली उतरत नाही आणि मधल्या खोट्या दाताखाली अन्न साचतं. त्यासाठी सुपरफ्लॉस घ्या. त्याचं कडक टोक गालाच्या बाजूने, खोटा दात आणि आधाराचा दात यांच्या फटीत हिरडीलगत घाला, जिभेच्या बाजूने ओढून घ्या. फुगीर, स्पंजसारखा भाग खोट्या दाताखाली आला की पाच-सहा वेळा मागेपुढे करा. मग तोच आधाराच्या दाताला लपेटून वरखाली फिरवा. दुसऱ्या बाजूलाही असंच. रोज रात्री एकदा पुरे. सुरुवातीला थोडं रक्त येतं, ते सुजलेल्या हिरडीचं. म्हणून थांबू नका. पंधरवड्यानंतरही येत राहिलं तर मात्र दाखवा.

ब्रिज एका बाजूने सुटला तरी दुसऱ्या बाजूच्या आधारावर तोंडात टिकून राहतो, आणि हेच घातक. सुटलेल्या बाजूने लाळ आत शिरते, दात आतल्या आत कुजतो. तोंडाला वास, विचित्र चव, ब्रिज बोटाने दाबून सोडल्यावर कडेला लाळेचे बुडबुडे, ही त्याची लक्षणं. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

कॅप निघून हातात आली तर धुऊन डबीत ठेवा. कागदात गुंडाळली की कचऱ्यात जाते. फेविक्विकने चिकटवू नका. तिरकी बसते, हिरडी भाजते. नुसती अडकवून झोपू नका, श्वासनलिकेत जाऊ शकते. एक-दोन दिवसांतच दाखवा; उशीर झाला तर शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप पुन्हा बसत नाही.