लुगड्याचे पदर आणि सलाईनचे थेंब

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, एकेकीत साधारण 50 हजार लिटर पाणी. शहर जगवायला एवढा खटाटोप चाललेला. पण अशा वर्षांत मोसंबी किंवा केशर आंबा लावलेल्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न निराळाच असतो: नव्या रोपाला लिटरभर पाण्यावर उन्हाळ्याचा दिवस कसा काढायला लावायचा? मराठवाड्याच्या शिवारात त्याचं एक उत्तर काठीला उलटं टांगलेलं दिसतं. सलाईनची बाटली.

लिटरभर पाणी एकदम ओतलं तर ते वरच्या मातीत पसरतं आणि उन्हाने उडून जातं. तेच पाणी थेंबाथेंबाने बुंध्याशी पडलं तर मुळापर्यंत पोचतं. सलाईनच्या साध्या सेटमधून साधारण 20 थेंब पडले की 1 मिलिलिटर होतं. नळीवरची चाकी फिरवून मिनिटाला 10 थेंब ठेवले तर लिटरभर पाणी 2000 मिनिटं, म्हणजे 33 तास चालतं. बाटलीच्या वर आलेल्या बुडाला टाचणीएवढं भोक पाडावंच लागतं. नाहीतर आतल्या हवेचा दाब उतरत जातो आणि थेंब थांबतो. बाटली थोडी उंच टांगावी. मग दाब मुख्यतः नळीच्या उंचीमुळे मिळतो आणि बाटलीतलं पाणी खाली गेलं तरी थेंबांची चाल फारशी मंदावत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दवाखान्यात वापरलेल्या बाटल्या आणि नळ्या शेतात आणू नका, तो जैववैद्यकीय कचरा आहे. शीतपेयाची रिकामी बाटली आणि मेडिकलमधून घेतलेला नवा सेट एवढ्यावर काम भागतं.

अशा युक्त्यांचं मला फार मोल वाटतं. वस्तू घरातलीच असते. तिच्यातला नेमका कोणता गुण कामाचा आहे, हे कुणीतरी मोजून पाहतं तेव्हा शोध लागतो. बूच ठोकून चपटं करायचं, दोन भोकं पाडून दोरा ओवायचा आणि पीळ देऊन ओढायचं, ही भिंगरी आपल्या पोरांच्या हातात कधीची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं गणित मांडलं आणि 2017 मध्ये कागदाच्या चकतीचं, 2 ग्रॅम वजनाचं, 20 सेंट खर्चाचं यंत्र जगापुढे ठेवलं. ते मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत जातं आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला द्रव, वेगळा करतं. वीज लागत नाही.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते लुगड्याचं काम. टँकरचं पाणी हंड्यात घेताना हंड्याच्या तोंडाला जुनं फडकं बांधायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात याच रीतीची कसून परीक्षा घेतली. कॉलऱ्याचा जंतू जेमतेम दोन-तीन मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो कापडातून सहज निसटतो. पण तळ्या-नद्यांच्या पाण्यात तो बऱ्याचदा कोपेपॉड नावाच्या बारीक जलजीवांना चिकटून राहतो. एका कोपेपॉडवर 10 हजारांपर्यंत जंतू असू शकतात. जंतू अडवता येत नसेल तर त्याचं वाहन अडवायचं. सुती साडीच्या चार ते आठ घड्या घातल्या की छिद्रं सुमारे 20 मायक्रोमीटरची होतात आणि हे जीव वरच अडकतात. त्यातही नव्या साडीपेक्षा जुनी सरस ठरली, कारण धुऊन धुऊन सुटलेले तंतू विणीतल्या फटी भरून काढतात. 65 गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा 48 टक्क्यांनी घटला होता. पुढे असंही दिसलं की गाळणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या, स्वतः न गाळणाऱ्या घरांनाही थोडं संरक्षण मिळत होतं.

नारूचा जंतही अशाच एका जलजीवाच्या पोटातून माणसात शिरायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांनी तो भोगला आहे. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला, त्यामागच्या उपायांत कापडाने पाणी गाळणं हाही एक होता.

तेव्हा हंड्यावर एकेरी ओढणी टाकून भागणार नाही. पॉलिएस्टरही नको, जुनं सुतीच घ्या आणि निदान चार घड्या घाला. पाणी भरून झालं की फडकं स्वच्छ पाण्याने खळबळून कडक उन्हात वाळवा, कारण अडवलेलं सगळं त्याच्यावरच बसलेलं असतं. पाण्यात सुटे फिरणारे जंतू मात्र कापडातून जातातच. त्यांच्यासाठी गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. पाणी आधी गाळलेलं असलं की क्लोरीन गाळात कमी वाया जातं आणि जंतूंवर जास्त खर्ची पडतं.