कोड सेन्सरचा नसतो, सर्किटचा असतो: पोकलेनच्या इंजिन-कोडची पार्श्वभूमी

पोकलेनच्या मॉनिटरवर इंजिनाचा कोड उमटला की साइटवर पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुठला सेन्सर गेला?’ हा. वास्तविक सेन्सर गेला असे कोड सांगत नाही; अमुक मोजमापाचा संदेश अमुक प्रकारे बिघडला आहे, एवढेच तो सांगतो. ‘कशात’ आणि ‘कसा’ या दोन गोष्टी कोडाच्या रचनेतच वेगळ्या ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी दुसरी न वाचता नवा सेन्सर मागवला जातो, तो बसवल्यावरही कोड तसाच राहतो आणि यंत्र मात्र दोन-तीन दिवस उभे राहते.

इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स नव्हते तेव्हा हा प्रश्नच नव्हता. इंधन किती जावे हे यांत्रिक पंप आणि इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर ठरवीत, ऑईल प्रेशरसाठी एक साधा स्विच असे आणि बाकीचे निदान मेकॅनिकच्या कानावर व धुराच्या रंगावर चाले. एक्स्कॅव्हेटरवर, म्हणजे पोकलेनवर, कंट्रोलर हा छोटा संगणक प्रथम आला तो इंजिनासाठी नव्हे, तर हायड्रॉलिक पंप आणि इंजिन यांचा मेळ घालण्यासाठी. १९९०च्या दशकातील कोमात्सूच्या ‘डॅश सिक्स’ मालिकेत ई०२ हा पंपाच्या नियंत्रणाचा, ई०३ स्विंग ब्रेकचा (यंत्राचा वरचा भाग फिरण्यापासून रोखणाऱ्या ब्रेकचा) आणि ई०५ गव्हर्नरचा कोड होता. गव्हर्नरचा दांडा एक छोटी मोटर ओढत असे. इंजेक्शन पंप मात्र पूर्णपणे यांत्रिकच होता.

इंजिनाचे कोड आले ते अमेरिकेतल्या मालवाहू ट्रकांकडून. डेट्रॉइट डिझेलची ‘डीडेक’ ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण प्रणाली १९८५ साली बाजारात आली आणि १९८७च्या ‘सिरीज ६०’ इंजिनात ती मुळापासूनच अंतर्भूत होती. सुरुवातीला दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचावा लागे. त्याच दशकात अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने जे१७०८ आणि जे१५८७ ही मानके तयार केली. त्यांत बिघाड कळवताना आधी कोणता कंट्रोलर बोलतो आहे, मग कोणते मोजमाप किंवा भाग आणि शेवटी बिघाडाचा प्रकार, असा क्रम ठरला. यातील शेवटच्या आकड्याला एफएमआय म्हणतात. कॅटरपिलरच्या यंत्रांवर अजूनही ‘सीआयडी-एफएमआय’ (सीआयडी म्हणजे भागाचा क्रमांक) अशी जोडी दिसते, ती याच पठडीतली आहे.

ट्रकांवरचे हे तंत्र खोदाईच्या यंत्रांपर्यंत ओढून आणले ते प्रदूषणाच्या नियमांनी. अमेरिकेत रस्त्याबाहेरील डिझेल इंजिनांसाठीची ‘टिअर १’ मर्यादा १७५ ते ७५० अश्वशक्तीच्या गटाला १९९६पासून लागू झाली आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यात ती कडक होत गेली. इंधन केव्हा, किती आणि कोणत्या दाबाने फवारायचे हे दर फवाऱ्याला ठरवणे यांत्रिक पंपाच्या आवाक्याबाहेरचे होते. डेन्सो या जपानी कंपनीने १९९५ साली ट्रकसाठी कॉमन रेल प्रणाली आणली; तिच्यात ‘रेल’ या सामाईक नळीत दाबाखाली साठवलेले इंधन सगळ्या इंजेक्टरांना मिळते. कॅटरपिलरने ऑईलच्या दाबावर चालणारे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर वापरले. कोमात्सूच्या पीसी२००-८ मध्ये कॉमन रेल इंजिन आले, तेव्हा आपल्याकडील अनेक मेकॅनिकांचा इंजिनाच्या कोडांशी पहिला खरा परिचय झाला.

दरम्यान बॉश कंपनीने फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील एसएईच्या परिषदेत ‘कॅन’ ही दोन तारांची संदेशवहन पद्धत मांडली होती. तिच्या आधारावर एसएईने जे१९३९ हे मानक उभे केले. त्यात मोजमापाचा क्रमांक म्हणजे एसपीएन १९ बिटांचा आणि एफएमआय ५ बिटांचा, म्हणजे ० ते ३१. बिघाड किती वेळा घडला याची मोजणीही सोबत असते, आणि सध्या चालू असलेले कोड व पूर्वी येऊन गेलेले कोड वेगवेगळ्या संदेशांतून मिळतात. एसपीएन १०० म्हणजे ऑईल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान आणि १५७ म्हणजे रेलमधील दाब.

मात्र निदानाचा खरा गाभा एफएमआयमध्ये आहे. एफएमआय १ म्हणजे मोजमाप खरोखरच धोक्याइतके खाली गेले आहे. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज असायला हवे त्यापेक्षा जास्त आणि ४ म्हणजे कमी. दाबाचा सेन्सर साधारणपणे ०.५ ते ४.५ व्होल्ट या पट्ट्यातच बोलतो. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण तिच्यामुळेच खरा शून्य दाब आणि तुटलेली तार यांत ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोलरला, फरक करता येतो. कूलंटच्या सेन्सरचे तत्त्व आणखी सोपे आहे. तो तापेल तसा त्याचा रोध (रेझिस्टन्स) कमी होतो आणि त्याला जाणाऱ्या तारेवर ईसीएमच्या आतून एका रोधामार्फत ५ व्होल्ट दिलेले असतात. तार तुटली की व्होल्टेज ५च्या जवळ चढते आणि एफएमआय ३ येतो. तार अर्थला लागली की ते शून्याकडे उतरते आणि ४ येतो.

याच तत्त्वातून निदानाची सर्वांत उपयोगी चाचणी निघाली. कूलंटच्या सेन्सरवर एफएमआय ४ चालू असताना कनेक्टर काढावा. कोड ३वर गेला, तर वायरिंग आणि ईसीएम ठीक असून सेन्सरच आतून शॉर्ट आहे. ४च राहिला, तर दोष हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, किंवा ईसीएममध्ये शोधावा. उलट ३ चालू असेल, तर हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना तारेने जोडाव्यात. कोड ४ झाला तर वायरिंग शाबूत आहे. एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले, तर इतके सेन्सर एकदम जात नाहीत हे आधी ध्यानात घ्यावे. अनेक सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक असतो आणि त्यांतला एक शॉर्ट झाला की सगळेच खाली बसतात. एकेक कनेक्टर काढत पुरवठा कधी पूर्ववत होतो ते मल्टिमीटरवर पाहणे, हाच तेथे मार्ग.

कोमात्सूच्या कोडांतही हीच विभागणी दिसते. सीए१४४ आणि सीए१४५ हे कूलंटच्या सेन्सरचे अनुक्रमे जास्त व कमी व्होल्टेजचे कोड, सीए१३५ आणि सीए१४१ हे ऑईल प्रेशर सेन्सरचे. ऑईल प्रेशर प्रत्यक्षात घसरले तर येणारा कोड निराळाच असतो: बी@बीएझेडजी. पहिल्या प्रकारात मल्टिमीटर काढायचा आणि दुसऱ्यात इंजिन ताबडतोब बंद करायचे. सीए पुढचे आकडे कमिन्स या अमेरिकी इंजिन कंपनीच्या कोडांशी जुळतात, कारण ही इंजिने दोन्ही कंपन्यांच्या सहकार्यातून आली आहेत. पुण्यात १९६०च्या दशकापासून कमिन्सची इंजिने बनत असल्यामुळे हे आकडे महाराष्ट्रातील जुन्या डिझेल मेकॅनिकांना परके नाहीत.

सेन्सरचा संदेश हरवला की ईसीएम बहुतेक वेळा एक ठराविक मूल्य गृहीत धरून काम चालू ठेवतो. ही सोय यंत्र जागीच अडकू नये म्हणून केलेली आहे, परंतु तिच्यामुळे ‘मशीन चालतेय ना, मग राहू दे’ ही वृत्तीही बळावली. ती धोक्याची आहे, कारण त्या काळात इंजिनाला त्या मोजमापापुरते खरे संरक्षण उरलेले नसते.

भारतात चाकांच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही-४ हे प्रदूषणाचे नियम एप्रिल २०२१पासून लागू झाले. धुरावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेतील नायट्रोजन ऑक्साइडसारखे सेन्सर स्वतःचा छोटा कंट्रोलर घेऊन थेट कॅनवर बोलतात. त्यांच्या बाबतीत व्होल्टेजच्या ३ आणि ४ यांच्या जोडीला एफएमआय ९, म्हणजे संदेश वेळेवर न येणे, हा प्रकार महत्त्वाचा ठरतो. येथे सेन्सरपाशी जाण्याआधी त्याचा वीजपुरवठा आणि कॅनच्या तारा पाहाव्या लागतात. मुख्य स्वीच बंद करून कॅनच्या दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम मिळाले पाहिजेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. १२० मिळाले तर एक टोक सुटलेले आहे.