फोटोपास : झोपडीचा की माणसाचा?

मुंबईच्या वस्त्यांमध्ये आजही 'शहात्तरचा पुरावा' असा शब्द कानावर येतो. ४ जानेवारी १९७६ रोजी, ऐन आणीबाणीत, सरकारी आणि पालिकेच्या जमिनींवरच्या झोपड्यांची एका दिवसात गणना झाली. झोपड्यांवर नंबर पडले, कुटुंबप्रमुखांना फोटोसह ओळखपत्रे, म्हणजेच फोटोपास, मिळाली. कार्ड म्हणजे अभय नव्हे, हे मात्र लगेच कळले. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवून चित्ता कॅम्पला हलवली गेली. फुटपाथवरची बहुतेक माणसे तर मोजलीच गेली नव्हती. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी जागा द्यायला सांगितले, तीही शहात्तरचे कार्ड असणाऱ्यांना.

फोटो माणसाचा असला तरी पास झोपडीचा आहे, खरी गुंतागुंत इथे आहे. झोपडी विकली की राहणारा एक आणि फोटोतला दुसरा. आणि झोपडीची ओळख कशावरून? तारखेवरून. अमुक साली मतदारयादीत नाव होते का, अशा पुराव्यांवर पर्यायी घराला 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते. शहात्तरनंतर ही तारीख ऐंशी, पंच्याऐंशी, पंच्याण्णव अशी सरकत गेली. २००१ मध्ये कायद्यातच लिहिले गेले की १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीचा फोटोपासधारक तो 'संरक्षित'.

मग २००४ ची विधानसभा निवडणूक आली. तारीख २००० पर्यंत नेऊ, असे आश्वासन सत्ताधाऱ्यांनी दिले. मते पडली, सरकार परत आले आणि त्याच हिवाळ्यात बुलडोझर निघाले. हजारो झोपड्या गेल्या. ज्यांना शब्द दिला होता, त्यांच्याच. मुदतवाढ म्हणजे अतिक्रमणाला बक्षीस, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच पोकळ नाही. पण मग आश्वासन तरी कशाला द्यायचे? कायद्यात २००० ही तारीख यायला २०१४ उजाडले.

पुढे २०११ पर्यंतच्यांसाठी सशुल्क घराची वाट निघाली. २०२३ मध्ये किंमत ठरली अडीच लाख. त्यामुळे पुनर्विकासाचे 'ॲनेक्शर टू', म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांची यादी, लागते, तेव्हा एकाच गल्लीत २००० पूर्वीच्या पहिल्याला घर फुकट, शेजाऱ्याला अडीच लाखांना, आणि २०१२ मध्ये आलेला तिसरा यादीत 'अपात्र'.