२,१४,७४,८३,६४७ : ऑयलरने पारखलेली मूळ संख्या

२ चा ३१वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. उरतात २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे, हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता, साठी ओलांडलेली होती आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

सरळ मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. अशा संख्या साडेचार हजारांहून जास्त. ऑयलरने भागायला बसण्याआधीच त्यातल्या बहुतेक गाळून टाकल्या, आणि मला खरं सौंदर्य दिसतं ते या गाळण्यात.

समजा, ‘प’ या मूळ संख्येने हिला निःशेष भाग जातो. मग २ च्या घातांना प ने भागत गेलं, की ३१व्या घाताला बाकी १ येते आणि बाक्यांचं चक्र पुन्हा सुरू होतं. ३१ स्वतः मूळ असल्याने हे चक्र त्याहून लहान असू शकत नाही. पण फर्माच्या प्रमेयानुसार (प – १)व्या घातालाही बाकी १ च येते. म्हणजे (प – १) ला ३१ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणून ६२ नेही. छोट्या आकड्यांवर हे पडताळता येतं. २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. दोन्ही अवयवांतून १ काढला की २२ आणि ८८ उरतात, म्हणजे २२ च्या पटी.

दुसरी चाळणी अशी, की प ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही चाळण्या लावल्यावर तपासायला शंभराहूनही कमी मूळ संख्या उरतात. त्यातली पहिली ३११. तिने भागलं तर बाकी ३५. शेवटपर्यंत एकही भाग निःशेष जात नाही.

पुढे कित्येक दशकं ही सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. तिच्यापासून आठवी परिपूर्ण संख्या मिळते (परिपूर्ण म्हणजे स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, जसं ६ = १ + २ + ३). याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण त्यांचा उपयोग काहीच नाही, असं इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिलं होतं.

आज ही संख्या प्रोग्रामरांना तोंडपाठ असते. ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत, अधिक-उणे चिन्हासह मावणारा हा सर्वांत मोठा पूर्णांक. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच आकड्यावर पोचतील आणि पुढच्या सेकंदाला चुकतील. इथे मात्र तिच्या मूळ असण्याचा काही संबंध नाही. सम-विषम कुठलीही संख्या मर्यादा असती तरी हेच झालं असतं.

संबंध आहे तो यादृच्छिक, म्हणजे अंदाज न येणारे वाटणारे, आकडे तयार करण्यात. संगणकशास्त्रज्ञ पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये सुचवलेली कृती साधी आहे: हातातल्या आकड्याला १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागा, बाकी हा पुढचा आकडा. अशाने १ ते २,१४,७४,८३,६४६ मधला प्रत्येक आकडा नेमका एकदा येतो आणि मगच पहिला आकडा परततो. भाजक मूळ नसता आणि सुरुवातीच्या आकड्यात त्याचा एखादा अवयव असता, तर पुढचे सगळे आकडे त्याच अवयवाच्या पटीत अडकून पडले असते.