अंमलबजावणी-संशोधन, एचआयव्ही उपचारांतील

एखादा उपचार किंवा सेवापद्धती गुणकारी ठरल्यानंतर ती रोजच्या दवाखान्यात, असलेल्या कर्मचाऱ्यांच्या हातून आणि नेहमीच्या गर्दीत कशी रुजते, कुठे अडते व का अडते, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे अंमलबजावणी-संशोधन. औषध लागू पडते की नाही, हा प्रश्न इथे आधीच सुटलेला असतो. ते उपलब्ध असूनही माणूस उपचाराबाहेर का राहतो, हे शोधायचे असते. एचआयव्हीचा उपचार जन्मभराचा आणि दररोजचा. शिवाय तो पुष्कळदा घरच्यांपासून लपवून घ्यावा लागतो. त्यामुळे या अभ्यासाची गरज इथे विशेष तीव्रतेने जाणवली.

संकल्पनेच्या मूळाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ते शेतीत शोधतात. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. बियाण्याची माहिती झाल्यावरही ते पेरायला शेतकऱ्यांनी काही वर्षे घेतली, असे त्यात दिसले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये यावरूनच नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धांत मांडला. दुसरा पक्ष १९७० च्या दशकातील लोकप्रशासनाकडे बोट दाखवतो : जेफ्री प्रेसमन व एरन विल्डाव्स्की यांनी १९७३ मध्ये ओकलंड शहरातील एका रोजगार योजनेचा मागोवा घेतला आणि मंजूर झालेला पैसा वाटेत कुठे थांबतो ते दाखवले. विचाराचा उगम शेतीतला, तर ‘अंमलबजावणी’ या शब्दावरचा भर प्रशासनातला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आरोग्यक्षेत्रात या विषयाला वाहिलेले नियतकालिक २००६ मध्ये निघाले. संशोधन-आराखड्यांची आज रूढ असलेली त्रिविध विभागणी २०१२ ची. तिच्यात उपचाराची परिणामकारकता आणि अंमलबजावणी यांचा अभ्यास एकाच वेळी, कमीअधिक भर देऊन केला जातो.

संशोधन व्यवहारात यायला १७ वर्षे लागतात, हे विधान संशोधन-निधीच्या अनेक अर्जांत आढळते. ते बालास व बोरेन यांच्या २००० सालच्या लेखातले. मूळ संशोधनापैकी सुमारे १४ टक्केच रुग्णाच्या उपयोगी पडते व त्यालाही १७ वर्षे जातात, असा त्यांचा अंदाज होता. मात्र तो निरनिराळ्या टप्प्यांवरील जुन्या अंदाजांची बेरीज आहे. एचआयव्हीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. गरोदरपणात झिडोव्हुडिन हे एचआयव्हीरोधक औषध दिल्यास बाळाला होणारी लागण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते, हे फेब्रुवारी १९९४ मध्ये कळले आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने शिफारशी काढल्या. मलावीने तर बाधित गरोदर स्त्रियांना आजन्म उपचार देण्याचे धोरण २०११ मध्येच स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०१३ मध्ये आली. उलट उदाहरण भारताचे. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ मध्ये ज्या चाचणीने दाखवले, तिच्या नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांत पुणे व चेन्नई येथील जोडपीही होती. सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या न पाहता सर्व बाधितांना उपचार देण्याचे धोरण भारतात २८ एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाले. चाचणीत भाग घेणारी माणसे इथली होती, म्हणून ही सहा वर्षे अधिक खुपतात.

एका ठिकाणी सिद्ध झालेली गोष्ट दुसरीकडे तशीच उतरत नाही, याचा बोलका दाखला मोबाइल संदेशांचा आहे. केनियातील ५३८ रुग्णांच्या चाचणीत, निम्म्यांना दर आठवड्याला स्वाहिली भाषेत एकच शब्द पाठवला जाई : ‘माम्बो?’ म्हणजे कसे आहात? ४८ तासांत ‘सावा’ (ठीक) किंवा ‘शिदा’ (अडचण) असे उत्तर द्यायचे. अडचण कळवणाऱ्याला किंवा गप्प राहणाऱ्याला दवाखान्यातून फोन येई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळालेल्यांत ६२ टक्के, तर इतरांत ५० टक्के होते. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर अशीच चाचणी झाली. तीत आठवड्याला यंत्राद्वारे आवाजी फोन व चित्रसंदेश जात. २०१४ च्या अहवालानुसार उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही. इथले रुग्ण मुळातच औषधे नियमित घेत होते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. केनियात संदेशामागे बोलणारी परिचारिका होती, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते.

या संशोधनाचा सर्वांत मोठा अर्थपुरवठा अमेरिकेतून झाला. तिथे सेवेचा पैसा आणि संशोधनाचा पैसा वेगवेगळ्या थैल्यांतून येतो. अमेरिकेतील गरजू रुग्णांसाठीचा रायन व्हाइट कार्यक्रम (१९९०) आणि परदेशांसाठीची पेपफार योजना (२००३, पहिल्या पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलर) औषधे व सेवा पुरवतात, तर अभ्यासाचा खर्च मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, उचलते. पेपफारचा आरंभीचा भर सेवेवर होता. २०११ च्या सुमारास तिने अंमलबजावणी-विज्ञानाची चौकट मांडली. २०१९ मध्ये अमेरिकेने २०३० पर्यंत देशातील नवी लागण ९० टक्क्यांनी घटवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यासाठी एनआयएचने आपल्या एड्स संशोधन केंद्रांमार्फत छोटी पुरवणी अनुदाने दिली व स्थानिक आरोग्य विभागाला बरोबर घेण्याची अट घातली. ही अट मोलाची होती, कारण अनुदान संपले की संशोधक परततात आणि पद्धत टिकवायची ती दवाखान्यानेच. प्रकल्पातून नेमलेल्या समुपदेशकाचा पगार पुढे कोणी द्यायचा, हे अर्जातच ठरले नसेल तर यशस्वी पद्धतही बंद पडते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत थांबवली. नंतर जीवरक्षक औषधोपचारांना सवलत मिळाली, पण आफ्रिकेतील अनेक अभ्यास अर्धवट थांबले.

भारतात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधयोजना, १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा (२०२१–२६, १५,४७१.९४ कोटी रुपये) पूर्णपणे केंद्र सरकारच्या पैशावर आखला गेला. इथे अशा अभ्यासांना बहुधा ‘कार्यात्मक संशोधन’ म्हणतात. त्यांचे विषय साधे दिसतात, पण रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक असतात. दर महिन्याला एआरटी केंद्रावर यायचे म्हणजे मजुराचा एक रोज आणि एसटीचे भाडे जाते. शिवाय रांगेत ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती. एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर या फेऱ्या एक-तृतीयांशावर येतात. इतर देशांत तपासली गेलेली ही पद्धत भारतात २०२० च्या टाळेबंदीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.