स्कॉटलंड–आयर्लंड समुद्राखालचा बोगदा : मागणी जुनी, अडचण खंदकाची

नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड जोडण्याचा हिशोब मांडला. पूल बांधला तर ३३,५०० कोटी पाउंड, समुद्राखालून रेल्वेचा बोगदा काढला तर २०,९०० कोटी पाउंड, आणि काम पुरं व्हायला जवळपास तीस वर्षं. आजच्या तंत्राने दोन्ही बांधता येतील, पण सरकारी तिजोरीतून एवढा पैसा ओतावा इतका फायदा नाही, असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी, की सप्टेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एका जहाजावर शाळकरी मुलांशी बोलताना म्हणाले होते, पूल काय, १,५०० कोटी पाउंडांत होईल.

मागणी एकोणिसाव्या शतकातली. बोगदा काढावा, पाण्यात बुडालेली नळी टाकावी, नाहीतर सरळ भराव घालावा, असे नाना बेत तेव्हा मांडले गेले. १८९७ मध्ये एका कंपनीने समुद्राचा तळ तपासायला आणि बोअर मारायला सरकारकडे १५,००० पाउंड मागितले होते. या काळातलं बरंचसं कागदावरच राहिलं, म्हणून पुढे जाऊ.

३१ जानेवारी १९५३ ला स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या याच सामुद्रधुनीत, स्कॉटलंडच्या स्ट्रॅनरारहून पलीकडच्या लार्नला निघालेली फेरीबोट वादळात बुडाली. १३० हून अधिक माणसं गेली. बोटीवरच्या बायका-मुलांपैकी एकही वाचलं नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५४ मध्ये, जपानच्या होन्शू आणि होक्काइदो बेटांमधली फेरीबोट चक्रीवादळात बुडून १,१०० हून अधिक लोक मेले. जपानने त्यानंतर बोगद्याचा विषय सोडला नाही. पाणी आत घुसण्याचे प्रकार झाले, ३४ कामगारांचा जीव गेला, तरी ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा मार्च १९८८ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत प्रवासी विमानाकडे वळले होते, हा भाग वेगळा. ब्रिटनमध्ये मात्र चौकशी झाली, दोष कुणाचा ते ठरलं आणि फेरीबोटी पुन्हा सुरू झाल्या.

आता खंदक. नकाशा पाहिला की वाटतं, जिथे समुद्र सगळ्यात अरुंद तिथूनच न्यावा. स्कॉटलंडमधल्या किंटायरचं टोक आणि उत्तर आयर्लंडमधलं टॉर हेड यांच्यात जेमतेम २० किलोमीटर पाणी आहे. पण किंटायर म्हणजे लांबच लांब सुळका. तिथून ग्लासगो गाठायचं तर रस्त्याने खाडीला वळसे घालत दोनशेच्या वर किलोमीटर. म्हणून सगळ्यांचं लक्ष दक्षिणेकडे, स्कॉटलंडच्याच पोर्टपॅट्रिक गावाच्या बाजूला जातं. तिथे अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास, दोन्हीकडे वस्ती, बंदरं. आणि नेमकं तिथेच मध्ये ब्यूफोर्ट्स डाइक हा खंदक आडवा येतो.

समुद्रतळातली ही घळ सुमारे ५० किलोमीटर लांब, साडेतीन किलोमीटर रुंद आणि २०० ते ३०० मीटर खोल आहे. सेइकानचा बोगदा समुद्रपातळीच्या २४० मीटर खाली आहे आणि त्यातले १०० मीटर हे तळाखालच्या खडकाचे. तेवढाच खडक डोक्यावर ठेवायचा तर इथे ४०० मीटरपर्यंत उतरावं लागेल. रेल्वेला शंभर मीटरमागे एक मीटर उतार धरला, तर एका बाजूने ४० किलोमीटर नुसता उतार आणि तेवढाच चढ. म्हणजे बोगद्याचं तोंड किनाऱ्यापासून कितीतरी आत, जमिनीवर उघडणार. तिथली जमीन कुणाची जाणार, हा पुढचा प्रश्न.

खोलीपेक्षा जास्त त्रास तळाशी टाकलेल्या गोष्टींचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला दारूगोळा इथे बोटी भरभरून टाकला गेला. एकूण दहा लाख टनांहून अधिक, असा अंदाज सांगितला जातो. १९४५ मध्येच फॉस्जीन हा विषारी वायू भरलेली साडेचौदा हजार टन रॉकेटं टाकली. सगळा माल खंदकात पडला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण अनेक बोटींनी तिथवर जायचा कंटाळा करून वाटेतच खोकी रिकामी केली. १९९५ मध्ये समुद्रातून गॅसची पाइपलाइन टाकताना त्याचा प्रसाद मिळाला. फॉस्फरसचे आग लावणारे चार हजारांहून अधिक तुकडे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाहून आले आणि एका लहान मुलाला भाजलं. १९५० च्या दशकात इथे किरणोत्सर्गी कचराही टाकला होता, हे सरकारने १९९७ मध्ये कबूल केलं. त्याआधी साफ नाही म्हटलं होतं. बोगद्याच्या बाजूने बोलणारे हा विषय ‘त्यावर तोडगा निघेल’ म्हणून दोन ओळींत गुंडाळतात. माझ्या मते खरं प्रकरण तेच आहे, कारण कुठे काय पडलंय याची भरवशाची नोंदच नाही.

रुळांचा मुद्दा मिरजकरांना वेगळा सांगायला नको. ज्यांनी जंक्शनवर एकाच वेळी ब्रॉडगेज, बेळगावकडची मीटरगेज आणि कुर्डुवाडीची नॅरोगेज पाहिली, त्यांना एका वाघिणीतला माल दुसरीत चढवताना वेळ आणि हमाली किती जाते ते ठाऊक आहे. ब्रिटनचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, आयर्लंडचे १,६०० चे. बोगदा झाला तरी लंडनहून निघालेली गाडी बेलफास्टला पोचून तिथेच थांबणार, नाहीतर पलीकडे नवे रूळ टाकावे लागणार.

मग २०१८ नंतर या मागणीने एकदम उचल का खाल्ली? २०१६ च्या ब्रेक्झिट, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या मतदानात स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड दोघांचं बहुमत विरोधात गेलं. उत्तर आयर्लंडला मालापुरते युरोपीय संघाचे नियम लागू राहिले, म्हणून जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली, म्हणजे एकाच देशाच्या मधल्या समुद्रात सरहद्द आली. देश एक आहे हे दाखवायला बोगद्याची भाषा सोयीची होती. मधल्या समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटाच्या पोटात तीन बोगदे एकत्र आणून खाली गोल चौक करायचा, अशीही योजना फेब्रुवारी २०२१ मध्ये वर्तमानपत्रांत झळकली. बोगदा कितीही चांगला खणला तरी कस्टमचा कागद त्याने रद्द झाला नसता, हे मात्र फारसं कुणी बोललं नाही.

बोगद्याच्या अभ्यासाबरोबरच नोव्हेंबर २०२१ मध्ये देशभरच्या दळणवळणाचा आढावाही आला. त्यात स्कॉटलंडच्या बंदराकडे जाणारा ए-७५ रस्ता सुधारा, अशी शिफारस होती. फेरीबोटीला लागणाऱ्या ट्रकवाल्यांची तक्रार आधीपासून त्याच रस्त्याबद्दल आहे.