‘लग्नानंतर होईल सगळे ठीक’: अलैंगिकता समजून घेताना

शाळेच्या विज्ञानात ‘अलैंगिक’ हा शब्द आपण अमिबाच्या द्विविभाजनासाठी आणि यीस्टच्या मुकुलायनासाठी शिकतो, आणि बहुतेकांच्या मनात तो तिथेच राहतो. त्यामुळे कोणी ‘मी अलैंगिक आहे’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याला आधी प्रजनन, अवयव किंवा संप्रेरके आठवतात. माणसाच्या बाबतीत हा शब्द आकर्षणाविषयी आहे. ज्या व्यक्तीला कोणत्याही लिंगाच्या माणसाविषयी लैंगिक आकर्षण वाटत नाही, किंवा फार क्वचित वाटते, ती अलैंगिक. भिन्नलिंगी किंवा समलिंगी असण्यासारखाच हाही एक लैंगिक कल आहे.

याच्या आसपासचे दोन शब्द मराठीत जुने आहेत आणि दोन्ही दिशाभूल करतात. ब्रह्मचर्य हे व्रत आहे. त्यात इच्छेला आवर घालण्याचा निश्चय असतो, तर अलैंगिक व्यक्तीला आवर घालावा असे मुळात काही जाणवतच नाही. नपुंसकत्व हा शरीराच्या क्षमतेचा प्रश्न आहे, आणि क्षमता व आकर्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातील संशोधक लोरी ब्रॉटो आणि मोराग यूल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कामुक चित्रफीत पाहताना स्त्रियांच्या जननेंद्रियांतील रक्तप्रवाहात होणारा बदल मोजला, तेव्हा अलैंगिक स्त्रियांचा शारीरिक प्रतिसाद इतर स्त्रियांसारखाच आढळला. ‘तपासण्या करून घे’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला, तरी त्याचा रोख का चुकतो, हे या एका निष्कर्षावरून कळावे.

शास्त्राच्या नजरेतून मात्र ही माणसे दीर्घकाळ निसटत राहिली. लैंगिकतेचे अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ च्या आपल्या अहवालात लैंगिक कलाची ० (पूर्ण भिन्नलिंगी) ते ६ (पूर्ण समलिंगी) अशी मोजपट्टी मांडली आणि ज्यांचा प्रतिसाद तिच्यावर कुठेच बसत नव्हता, त्यांच्यासाठी ‘एक्स’ असा वेगळा गट ठेवला. त्या गटाकडे पुढची कित्येक दशके फारसे कोणी वळले नाही. २००४ मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील १८ हजारांहून अधिक लोकांच्या एका जुन्या सर्वेक्षणाची उत्तरे पुन्हा तपासली, तेव्हा सुमारे १ टक्का लोकांनी ‘आजवर कोणाविषयीही लैंगिक आकर्षण वाटलेले नाही’ असा पर्याय निवडलेला दिसला. नंतरच्या काही सर्वेक्षणांत हे प्रमाण त्याहून कमी आले. तरीही शंभरात एक किंवा दोनशेत एक म्हणजे मोठ्या शाळेत, मोठ्या कार्यालयात, मोठ्या गोतावळ्यात कोणीतरी असणारच.

प्रेम आणि लैंगिक आकर्षण नेहमी जोडीने येतात, हा आपला समज इथे बाजूला ठेवावा लागतो. अनेक अलैंगिक व्यक्ती मनापासून प्रेमात पडतात, त्यांना सहवास हवा असतो, मुले हवी असतात. काहींना प्रेमाचेही आकर्षण वाटत नाही आणि मैत्री व कुटुंब यांतच त्यांचे आयुष्य भरलेले असते. काहींना घट्ट भावनिक नाते जुळल्यानंतरच आकर्षण जाणवते. त्यांच्यासाठी ‘डेमिसेक्शुअल’ हा शब्द वापरतात.

डॉक्टरांची गरज कधी असते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पूर्वी असलेली इच्छा अचानक किंवा हळूहळू ओसरली, तर मधुमेह, थायरॉईडचे विकार, नैराश्य किंवा नैराश्यावरचीच काही औषधे त्यामागे असू शकतात, आणि ते तपासून घ्यावे. जन्मभर असेच असलेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत तसे नोंदवले आहे: एखादी व्यक्ती स्वतःला अलैंगिक म्हणवत असेल आणि इच्छेच्या अभावाचा उलगडा त्यातून होत असेल, तर विकाराचे निदान करू नये.

आपल्याकडे खरी कोंडी लग्नापाशी होते. ‘एकदा लग्न झाले, की होईल सगळे ठीक’ या भरवशावर लावलेले लग्न दोन माणसांना दुखावते, आणि त्यातला जोडीदार तर काहीही ठाऊक नसताना त्यात ओढला जातो. कायद्यालाही अलैंगिकता ओळखीची नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वाचा विचार आहे, आणि शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध एकतर्फी नाकारणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये समर घोष खटल्यात म्हटले. अलैंगिक माणूस या दोन्ही चौकटींच्या मध्ये अडकतो. म्हणून स्थळे पाहण्याआधीच मुलीने किंवा मुलाने हे घरात बोलू शकावे, आणि लग्न करायचेच असेल तर समोरच्याला आधी पूर्ण कल्पना देता यावी, एवढी मोकळीक घराने द्यायला हवी असे मला कळकळीने वाटते. सांगणाऱ्याकडे पुरावा मागू नये, लहानपणी काही वाईट घडले होते का अशी उलटतपासणी करू नये, आणि त्याने सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय नातेवाइकांत पसरवू नये.

‘म्हातारपणी हिचे कोण बघणार?’ हा आईवडिलांचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही, कारण तो काळजीतून येतो. त्याचे उत्तर बळेच लावलेल्या लग्नात सापडेल याची शाश्वती नसते. भावंडे, मैत्रिणी, शेजार यांच्याशी विचारपूर्वक जपलेल्या नात्यांत ते अधिक सापडते. अशा नात्यांना थोडाफार कायदेशीर आधारही देता येतो. स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र मैत्रिणीच्या नावे करता येते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजारावरील उपचारांच्या काळात आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमताना ती व्यक्ती पती, पत्नी किंवा रक्ताची नातेवाईकच असावी, अशी अट नाही.